शीमामांच्या गाडीचं पोट

त्यांना सगळे शीमामा म्हणतात, कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'शी'ने सुरू होतं आणि नाक मुरडून संपतं. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी? शी. कुणाच्या घरची बेल वाजवायची झाली तर बोट लावणार नाहीत, कोपराने वाजवतात. शेजारच्या घरी बाळ झालं तेव्हा लांबूनच "गोड आहे हो" म्हणाले, आणि बाळाच्या नाकाकडे नजर जाताच दोन पावलं मागे सरले. अशा माणसाच्या नशिबी क्लबच्या मैदानावरचं गवत कापायचं काम यावं! पण आलं, आणि मामांनी ते आपल्या पद्धतीने निभावलं.

पद्धत अशी. गवत कापायची गाडी जुनी, वर बसून चालवायची. मामा आले की आधी सीटवर घरून धुऊन आणलेला पंचा अंथरणार, हातमोजे चढवणार, टोपी नीट करणार आणि मग एखादा राजा हत्तीवर बसावा तसे वर बसून मैदानभर फिरणार. स्टिअरिंग इतकं पुसलेलं की त्यात तोंड दिसावं. येणारे-जाणारे म्हणत, "गाडी ठेवावी तर शीमामांनी!" मामा मान डोलावून कौतुक खिशात घालत.

आता खरी गोष्ट ऐका. गाडी वरून नवरी आणि खालून गटार. सीटखाली पत्र्याचं एक उपडं घमेलं असतं, त्यात पंख्यासारखी दोन पाती फिरतात. ओलं गवत कापलं की त्याचा लगदा उडून त्या पत्र्याला आतून चिकटतो. आजचा थर कालच्या थरावर बसतो, उन्हात शिजतो, सडतो. आणि मैदानावर फक्त गवतच असतं थोडंच? गोगलगायी असतात, चघळून थुंकलेलं च्युइंगम असतं, केळ्यांच्या साली असतात, आणि पहाटे फिरायला आणलेल्या कुत्र्यांनी मालकांच्या साक्षीने जे मागे ठेवलेलं असतं तेही असतं. ते सगळं त्या घमेल्यात एकजीव होतं. वास असा येतो की नाकातले केस जळावेत.

ते घमेलं खरवडायला मामा कधीही खाली गेले नाहीत. जायच्या मामी. दर रविवारी शेडच्या मागे, जिथे कुणी फिरकत नाही तिथे, गाडीची पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढायची, मागच्या चाकांना विटा लागायच्या, आणि मामी पोत्यावर पाठ टेकून खाली सरकायच्या. पात्यात लाकडाची पाचर अडकवून पान्याने बोल्ट सोडवायच्या, पाती साबणाने धुऊन मामांच्या हाती द्यायच्या आणि मग पत्रा खरवडत बसायच्या. मामा तिकडे बाकावर पात्यांना कानस मारायचे. ते काम मात्र त्यांना यायचं, नाही म्हणता येणार नाही. कानस मूळच्या धारेच्या उतारावरच चालायची. मग पातं भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून अडकवून बघायचे आणि जी बाजू खाली झुकेल ती आणखी घासायचे. पातं तराजूच्या दांडीसारखं आडवं थांबलं की मामा खूश. पाती परत बसवायच्या मामीच. आणि त्या गाडीखालून बाहेर आल्या की मामा नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "अंघोळ झाल्याशिवाय घरात कशाला हात लावू नकोस हं."

मामी ऐकून घ्यायच्या. बरीच वर्षं घेतलं.

मग एका सोमवारी क्लबचे सेक्रेटरी मैदानावर आले. आदल्या आठवड्यात पात्याला दगड लागून खाचा पडल्या होत्या, आणि मामींचा खांदा आखडल्यामुळे दोन रविवार गाडीचं पोट साफ झालं नव्हतं. गवताची टोकं फाटून पिवळी पडली होती.

"मामा, हे कापलंय की उंदरांनी कुरतडलंय?"

"शी, उंदीर कुठले साहेब. पाती जरा..."

"ते मला नका सांगू. शनिवारी मुलींचे फुटबॉलचे सामने आहेत. मैदान नीट दिसलं नाही तर ही गाडी भंगारात, आणि गवताचं काम बाहेरच्या माणसांना. तुम्हाला तसं सोडणार नाही हो, जुने आहात तुम्ही. तुम्हाला कपडे बदलायच्या खोल्यांवर टाकतो. तिथल्या संडासांना माणूस मिळतच नाहीये."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते संडास मामांनी एकदाच पाहिले होते, तेही दारातून, श्वास रोखून. त्या दिवशी जेवले नव्हते.

घरी येऊन मामींना म्हणाले, "उद्याच गाडीखाली जायला हवं." मामी खांदा चोळत गेल्या. थर असा जाड झाला होता की खरवडणी आत रुतून बसायची. मामींनी जोर लावला, आणि एक मोठं ढेकूळ सुटून थेट त्यांच्या गळ्यावर पडलं. त्यात एक बेडूक होता. होता म्हणजे कधीतरी होता; आता त्याची पाठ एकीकडे आणि बाकीचं भलतीकडे. मामी किंचाळत बाहेर आल्या. नवऱ्याने काय करावं? निदान जवळ तरी यावं की नाही?

"तिथेच थांब! जवळ येऊ नकोस!" मामा ओरडले आणि झाडांना पाणी घालायची नळी उचलून त्यांनी बायकोवर फवारा सोडला. डोक्यापासून पायापर्यंत, म्हैस धुवावी तसा. कुंपणापलीकडच्या वर्कशॉपातला वेल्डरदादा काम थांबवून बघत होता.

फवारा थांबल्यावर मामींनी तोंडावरून हात फिरवला. खरवडणी मामांच्या पायाशी टाकली. आवाज अजिबात चढवला नाही, आणि तेच वाईट होतं.

"मी इतकी वर्षं तुमची घाण काढली, आणि तुम्हाला घाण मी वाटले. आता गाडी तुमची, पोटही तुमचं."

"अगं, पण शनिवार..."

"मग संडास धुवा."

दोन दिवस मामांनी टाळाटाळ केली. वेल्डरदादाला गळ घातली, तर तो म्हणाला, "मामा, मी आगीशी खेळतो, पण त्या गाडीखाली जायची आपली छाती नाही." शेवटी गुरुवारी मामांनी कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळला, हातमोज्यांवर हातमोजे चढवले, नाकाला मामींचाच ओला रुमाल बांधला आणि प्लगची वायर काढून खाली सरकले. पत्र्याला हातही लावला नाही. डोळे घट्ट मिटून चाचपडत पाती सोडवली, बाहेर येऊन ओकारी आवरली, आणि मग मात्र बाकावर बसून अशी धार लावली की नख लावलं तर नख जावं. पुन्हा डोळे मिटून खाली, पुन्हा चाचपडत पाती वर, बोल्ट गच्च, आणि बाहेर. वायर जोडून विजयी मुद्रेने गाडी सुरू केली.

गाडी कण्हली. मैदानावर एक पट्टा गेला, पण गवत काही कापलं गेलं नाही. सगळं एका बाजूला झोपलं, आणि मागे हिरवा चिखल सांडत गेला.

"मामा," कुंपणावरून वेल्डरदादाचा आवाज आला, "गवताला लोटांगण शिकवताय का?"

मामांनी दुसरा पट्टा घेतला. तेच. तिसरा घ्यायची हिंमत होईना. गाडी शेडमागे आणून ते विटेवर बसले आणि नळीच्या तोंडासारखं तोंड करून बघत राहिले. मामी आल्या. उपड्या बादलीवर बसल्या. हात लावला नाही.

"खाली जाऊन बघा."

"शी, बघितलंय."

"डोळे मिटून कसलं बघणं? उघडे ठेवून बघा."

मामा गेले. डोळे उघडले, आणि आधी दिसली ती पाती नव्हेत, तर डोक्यावरचं आभाळ: काळंहिरवं, लोंबणारं, त्यात अळ्या वळवळताहेत. एक थेंब गालावर पडला. मामा कुंथले.

"पात्यांच्या टोकांना कान असतात ना, वळवलेले," मामी बादलीवरून म्हणाल्या, "ते कुठे आहेत?"

"खाली... जमिनीकडे."

"ते वर हवेत, पत्र्याकडे. त्यांनी गवत उभं ओढून घ्यायचं असतं. तुम्ही उलटी बसवलीत. आंधळ्याने मळलेल्या कणकेसारखं काम! काढा. आणि काढलीच आहेत तर पत्राही खरवडा, म्हणजे त्यांना फिरायला जागा होईल."

मग जे झालं ते सभ्य माणसाने लिहू नये, पण कुंपणापलीकडे सगळं ऐकू येत होतं. खरवडणीचा आवाज, मध्येच मामांचं ओरडणं, ढेकळांचा थपथप पडण्याचा आवाज. एकदा मामा ओरडायला गेले आणि तोंड उघडं होतं. काय पडलं ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. ते गाडीखालून पालथे होऊन बाहेर आले, कुंपणापाशी जाऊन पोट रिकामं केलं, तोंड पुसलं आणि परत खाली गेले. मामी बादलीवरून हलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात राहिलंय."

पत्रा उघडा पडला तेव्हा त्यावर मूळचा लाल रंग दिसला. पाती सुलटी बसली. गाडीचा आवाज कसा सुरात आला, गवत सळसळत उभं राहून कापलं गेलं, आणि त्याचा ताजा वास सगळीकडे पसरला. मामांना मात्र तो येत नव्हता. त्यांच्या नाकात दुसराच वास ठाण मांडून बसला होता.

शनिवारी सेक्रेटरींनी मैदानावर बुटाचं टोक फिरवलं आणि म्हणाले, "झकास. गाडी राहू द्या. संडासांना दुसरा माणूस शोधतो." मामांनी हात जोडले. मामी मागे उभ्या होत्या, त्यांनी खांदा दाबत सेक्रेटरींनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "आता दर रविवारी हेच जातात हो खाली. मला डॉक्टरांनी नको म्हटलंय."

डॉक्टरांकडे मामी गेल्याच नव्हत्या. मामांना ते ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं, मग आदल्या गुरुवारी तोंड उघडल्यावर काय झालं होतं ते आठवलं, आणि मिटून घेतलं.