प्रुएट कोचचा नियम

हार्लन प्रुएट आमच्या ओहायोतल्या कॉलेजकडून तीन वर्षं सॉकर खेळले, म्हणजे बाकावर बसले. पुढे तिथेच कोच झाल्यावर त्यांनी नियम केला: शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पोराला घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात उतरवायचंच.

ऑगस्टमध्ये कोच गेले. मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता; तो आम्ही त्यांच्या नावाने ठेवला आणि त्यांच्या पत्नी, प्रुएटबाई, यांना बोलावलं. कॉलेजने बजावलं होतं, हाही हरलात तर संघ बंद.

खेळ संपत आला तेव्हा आम्ही एका गोलने पुढे होतो. उतरायचा राहिला होता एकटा डॉम्बेक, आमचा राखीव गोलकीपर.

"मला नका रे उतरवू," तो गयावया करू लागला. "चेंडू दिसला की माझे डोळे मिटतात."

"ऐका त्याचं!" कॅप्टन गॅरेट ओरडला. "संघच बुडाला तर नियम काय चाटायचाय?"

"प्रुएटबाई समोर बसल्यात," मी म्हणालो. "तूच जाऊन सांग त्यांना."

गॅरेटने शिवी हासडली आणि स्वतःच डॉम्बेकच्या हातात हातमोजे कोंबले.

डॉम्बेकने दोन गोल खाल्ले. शिट्टी वाजली तरी तो गोलातच हुंदके देत बसून राहिला. गॅरेट त्याच्याकडे तरातरा गेला.

"ऊठ, गाढवा," तो म्हणाला. त्याने डॉम्बेकला दंडाला धरून उठवलं. "प्रुएटबाई टाळ्या वाजवतायत. हात कर त्यांना."