सासूबाईंच्या भाकरीची वेबसाइट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पण आमच्या घरी आलात की हा विषय काढू नका, एवढीच विनंती! कारण मी माझ्या सासूबाईंचं नाव सोलापूर जिल्हाभर असं काही गाजवलंय, की विचारू नका.

सासूबाई कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतात. बारा वर्षं, एकटीच्या हिमतीवर. आणि घर इतकं शाकाहारी, की अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा उंबऱ्यावरून परत जातं! गिऱ्हाईक लांबून लांबून येतं ते ह्याच भरवशावर.

त्यांना वेबसाइट हवी होती. मी सासूबाईंना मामी म्हणतो. म्हटलं, "मामी, बाहेरचा माणूस कशाला? मी हाय की!" आता मी कोण? शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. पण चार व्हिडिओ बघितले होते ना!

वेबसाइटला थीम लागते. म्हणजे तयार शिवलेले कपडेच म्हणा. आपले फोटो आणि मजकूर घातला की झालं. फुकटातल्या थीम चाळता चाळता एक सापडली. रंग थेट शेंगा चटणीचा! बनवली होती परदेशातल्या कुठल्याशा मटणाच्या हॉटेलासाठी, पण असेना का! लॅपटॉपवर बसून मी मटण काढलं, भाकऱ्या चढवल्या. आठ दिवस खपत होतो. खाली कोपऱ्यात मोबाइलचं एक बारकं चित्र होतं. मला वाटलं, फोन नंबर टाकायची जागा असेल. सासूबाईंचा नंबर तर मी आधीच टाकला होता. मग कशाला हात लावू?

उद्घाटनाला पंचवीस पाहुणे! लॅपटॉपला विभूती लावून पाटावर बसवलं, समोर नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं, पण शुभकार्यात एवढं चालायचंच. मी बटण दाबलं आणि छाती फुगवून म्हणालो, "आता सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर उघडा! आणि सगळ्या ग्रुपवर पाठवा!"

पाठवलं हो सगळ्यांनी. आमचे पाहुणे भारी आज्ञाधारक.

मग सगळे आपापल्या मोबाइलकडं बघतच राहिले. मला वाटलं, भारावले! माझ्यापुढं लॅपटॉपवर भाकऱ्यांची चळत झकास दिसत होती.

अक्कलकोटहून आलेले बायकोचे मामा चष्मा सावरत म्हणाले, "जावईबापू, ह्ये... कुणी केलंय?"

"मामींच्या हातचं आहे, मामा! रोज पहाटे उठून स्वतः करतात."

"हितं? घरात?"

"घरातच की! त्यांच्या सासूबाईंनी शिकवलंय. आणि कडक असं, की दाताखाली कटाकट वाजतं!"

"अय्यो शिवने!" म्हणत मामांनी भिंतीचा आधार घेतला.

बायकोनं मला चिमटा काढला. "अहो, गप बसा!" पण मी कसला गप बसतोय? "मामा, खाऊन तर बघा एकदा! जाताना सगळ्यांना पिशवीत बांधून देणार आहोत!"

तेव्हा बायकोनं तिचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. वर ठळक अक्षरांत सासूबाईंचं नाव, आणि त्याखाली बोकडाची भाजलेली तंगडी! कोपऱ्यातलं ते बारकं चित्र दाबून मोबाइलवर दिसणारा फोटो वेगळा बदलावा लागतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. मेल्याहून मेल्यासारखं वाटलं हो. त्या बाईनं बारा वर्षं राखलेलं नाव मी एका बटणात धुळीला मिळवलं होतं!

धावत लॅपटॉप गाठला. कीबोर्ड नारळपाणी पिऊन ढिम्म! आणि इकडं फोटो पंचवीस घरांतून निघून कुठं कुठं पोचलेला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळं सगळ्या घरानं ऐकलं.

"हॅलो, सांगोल्यावरनं बोलतुय. ग्रुपवर फोटो बघितला तुमचा, लई भारी! आमच्याकडं परवा जत्रा हाय. आख्खं बोकड मिळंल का?"

सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश न्याहाळलं.

"मिळंल की," त्या म्हणाल्या. "एकच हाय. पोरीच्या लग्नापासनं पोसलंय. कवा येताय न्यायला?"