धाकटीला आलेला ताप

थोरलीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिनं खिडकी लावली तेव्हा.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याच्या प्रश्नासाठी बैठक भरली होती. नगरपालिकेचे इंजिनियर आले होते आणि दुसऱ्या मजल्यावरची शिवणवाली, म्हणजे धाकटी, त्यांना धारेवर धरत होती. "साहेब, तुमच्या नळाला हवा आली तर तुम्ही काय हवेनं आंघोळ करता?" माणसं हसत होती, साहेब रुमालानं मान पुसत होते. इतक्यात मागच्या रांगेतून एक उंच, सडसडीत बाई उठली, रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेली, तिनं झडपा ओढून कडी घातली आणि जागेवर येऊन हात मांडीवर ठेवून बसली.

"अहो, वारा येत होता की," कोणीतरी म्हणालं.

तिनं मान खाली घालून सांगितलं, "बाहेर ऐकू जात होतं."

जो हशा पिकला त्यात धाकटीचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. "माझी ताई आहे," ती साहेबांना म्हणाली, "मागच्याच आठवड्यात पलीकडून आलीय. तुमची नाही हो, माझी काळजी वाटतेय तिला."

ते अर्धंच खरं होतं. शाळेत शिकवण्यात जन्म गेल्यामुळे मला चेहरे बघायची खोड आहे. थोरलीच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. शेजारणीच्या दप्तरातून नवी रंगपेटी निघाली की बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांत येतं ना, ते.

पलीकडे म्हणजे कुंपणाच्या पलीकडच्या देशात. दोघी बहिणी त्याच कुंपणाजवळच्या गावात जन्मलेल्या. कुंपण अजून पुरतं घातलं गेलं नव्हतं, तेव्हा गाव तिकडे आणि दवाखाना इकडे अशी स्थिती होती. फाटक बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली त्याच सुमाराला धाकटीला ताप चढला. आजारी माणूस आणि सोबतीला एकजण, एवढ्यांनाच फाटकातून सोडत. आईला पहाऱ्यावरच्या शिपायानं ओळखून परत फिरवलं असतं, म्हणून मावशीनं धाकटीला खांद्यावर टाकलं आणि ती इकडे आली. ताप उतरला तोवर फाटक बंद झालं होतं. पत्र जाईना, निरोप जाईना. दोघींचे केस पांढरे झाल्यावर पलीकडच्या सरकारनं, आपल्या उपयोगाच्या न उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे जायची मुभा दिली. आई तोवर गेली होती. थोरली एकटीच, एक पिशवी घेऊन आली.

"ताप मला यायला हवा होता," माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना ती एकदा म्हणाली. विनोद केल्यासारखं म्हणाली, पण हसली नाही.

लोकांना वाटायचं, इकडची दुकानं बघून तिचे डोळे दिपले असतील. दुकानांचं तिला काही नव्हतं. तिच्या पोटात दुखायचं ते वेगळ्याच गोष्टींनी. भाची, म्हणजे धाकटीची मुलगी, जेवताना बापाला म्हणायची, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही," आणि बाप मुकाट्यानं आणखी वाढून घ्यायचा. धाकटी भांडी घासता घासता सरकारच्या नावानं बोटं मोडायची, तीही गॅलरीचं दार उघडं टाकून.

"त्या दिवशी साहेबाला फाडून खाल्लं, घरी आली, जेवली आणि पडल्या पडल्या घोरायला लागली," थोरली मला सांगत होती. "मी आपली जागी, दारावर थाप पडते का ऐकत. बाई, हा कुठला न्याय? भांडण तिनं करायचं, झोपही तिलाच!"

"मग आता तुम्हीही झोपा की निवांत."

"येत नाही. ती लहानपणी शिकायची गोष्ट आहे."

धाकटी ज्या शिवण-मंडळात काम करायची तिथेच थोरलीलाही काम मिळालं. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या छताखाली वीसेक बायका शाळेचे गणवेश शिवतात. मंडळ त्यांचंच, दर वर्षी आपल्यातलीच एक प्रमुख त्या मतं टाकून निवडतात. गेली काही वर्षं धाकटीच निवडून येत होती. थोरली कापायच्या टेबलावर बसली. पलीकडे ती सैनिकांचे कपडे शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यात एका विभागाची मुख्य होती. कापडावर तिचा हात असा काही चालायचा की इतर जणी काम थांबवून बघत.

पण एक अडचण होती. मंडळात कापडावर ठेवायचे कागदी बेत, म्हणजे नमुने, जुन्या वर्तमानपत्रांचे कापतात, आणि वर्तमानपत्रात मंत्र्यांचे फोटो असतात. थोरली फोटोवरून कात्री चालवेना. डोकं चुकवायचं म्हणून ती कागद फिरवायची, दुमडायची, जोड द्यायची. त्यात देशाची निवडणूक आली आणि पानापानावर चेहरेच चेहरे. एका सकाळी सदऱ्याच्या पाठीचा बेत तिनं तीन तुकडे चिकटवून केला, तेव्हा शेजारी काजं करत बसलेल्या काजवालीला राहवेना.

"अहो ताई, हा तर मागच्या खेपेलाच पडला. कापा बिनधास्त!"

"पडला म्हणजे? मग कुठे ठेवलाय त्याला?"

"ठेवतंय कोण! घरी असेल. परवा बाजारात माझ्या पुढे उभा होता, भेंडी निवडत."

थोरलीनं कात्री खाली ठेवली. हे तिनंच मला सांगितलं. "हरलेला माणूस भेंडी घेतो, बाई! आमच्याकडे वरून खाली आलेल्या माणसाची बायकोसुद्धा पुन्हा दिसायची नाही. आणि इथे तो कोवळी भेंडी निवडतोय." तिला त्या पडलेल्या मंत्र्याचाही हेवा वाटत होता.

मंडळाची निवडणूक जवळ आली तेव्हा बायका धाकटीवर जरा वैतागलेल्या होत्या. ती जीव लावणारी, पण तोंडाची सैल. चांगलं मशीन आपल्या लाडक्या मैत्रिणीला द्यायची, कात्र्यांना धार लावून आणायचं रोज विसरायची, उशिरा यायची आणि इतरांना उशिराबद्दल बोलायची. काजवाली आणि आणखी काही जणी थोरलीकडे गेल्या. "ताई, तुम्ही उभ्या राहा." ती एका दिवसात हो म्हणाली. इतकी वर्षं सगळं धाकटीच्या वाट्याला गेलं, ही एक खुर्ची तरी आपल्याला मिळावी, असं तिच्या मनानं घेतलं. ती खुर्ची तिला इतकी हवी होती की तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

तिनं घरी सांगितलं तेव्हा मी शिवायला दिलेला परकर न्यायला तिथेच बसले होते.

"मी उभी राहतेय," थोरली म्हणाली.

"कशाला?"

"प्रमुख व्हायला. तुझ्याविरुद्ध."

धाकटीनं सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं. "अगं, मग राहा की! बरंच झालं. मागच्या खेपेला समोर कोणीच नव्हतं, जिंकल्यासारखंच वाटलं नाही. पण ताई, नुसतं उभं राहून भागत नाही हं, मतं मागावी लागतात. आधी इस्त्रीवालीला भेट. तोंडानं कडू आहे, पण चार जणी तिचं ऐकतात."

जिन्यात थोरलीनं मला गाठलं. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता. "बाई, मला वाटलं होतं घाबरेल. जन्मात एकदा तरी घाबरू दे की तिला! मी तिची खुर्ची मागतेय आणि ती मला, कुठून ओढायची ते दाखवतेय."

"तुम्हाला खुर्ची हवीय, की तिनं घाबरायला हवंय?"

"दोन्ही," ती पटकन म्हणाली. इतकं सरळ उत्तर देणारी माणसं मला आवडतात.

मत मागायला ती कोणाकडे गेली नाही. ते तिला जमेचना.

मोजणीला बाहेरचं, कुणाच्या बाजूचं नसलेलं माणूस हवं म्हणून दर वर्षी मला बोलावतात. मशीन भिंतीकडे सरकवून मधे चटया घातल्या होत्या. सुरुवातीलाच थोरली माझ्याजवळ आली.

"चिठ्ठी कुणाला दाखवायची?"

"कुणालाच नाही."

"मग मी कुणाला मत दिलं, ते कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच तर चिठ्ठी."

चुकीचं गणित फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंकडे मुलं बघतात, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मग भाषणं. धाकटीनं दोन विनोद केले, गेल्या वर्षीच्या चुका कबूल केल्या, त्याच पुन्हा होणार नाहीत असं वचन दिलं आणि खाली बसली. थोरली उभी राहिली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"आपल्या आदरणीय प्रमुखांच्या दूरदृष्टीमुळे," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "या मंडळानं प्रगतीची नवी शिखरं गाठली आहेत. त्यांचं अथक मार्गदर्शन—"

बायकांना वाटलं, टोमणा मारतेय. हशा झाला. पण ती थांबेना. वाक्यामागून वाक्य येत होतं, पाठ केलेल्या कवितेसारखं, आणि तिची बोटं मोजपट्टीवरून भराभर सरकत होती. पलीकडे भाषणाची सुरुवात अशीच करायची असते. तिला दुसरी सुरुवात येतच नव्हती.

"ताई," धाकटी न राहवून म्हणाली, "अगं, तू माझ्याविरुद्ध उभी आहेस!"

थोरलीची बोटं मोजपट्टीवर थांबली. आता कोणी हसत नव्हतं.

"कात्र्यांना धार नाही," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "नवं मशीन हिनं मैत्रिणीला दिलंय. ही उशिरा येते." मग तिनं थेट धाकटीकडे पाहिलं. "आणि मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या घराचा नाही. तू बोलतेस त्याचा. तू भांडतेस, हरतेस, विसरून जातेस. माझ्याकडे तुझ्याहून चांगला हात आहे, आणि तो जन्मभर सैनिकांच्या पाटलोणी कापण्यात गेला. तुला ताप आला आणि मला आला नाही, एवढंच झालं. एवढंच!"

धाकटी उठली. इतकी पांढरी पडलेली मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"आणि आई? आई कुणाला मिळाली, ताई? मी मावशीच्या घरात परक्या पोरीसारखी वाढले. तू आलीस तेव्हापासून विचारायचं म्हणतेय, विचारवत नाही. आई माझी आठवण काढायची का?"

"तिनं तुझं नाव कधीच घेतलं नाही."

इस्त्रीवालीनं तोंडाला पदर लावला.

"घेणार कशी?" थोरली म्हणाली. "कुंपण ओलांडून गेलेल्याचं नाव काढलं की शेजारी सरकारला कळवायचे. भिंती कागदाच्या. आई मिळाली म्हणतेस, पण आईशी बोलायला कुठे मिळालं मला? रोज झोपताना ती माझ्या कपाळाला हात लावून बघायची, ताप आहे का. मी धडधाकट, मला कधी पडसंसुद्धा नाही. खूप वर्षं मला वाटायचं, किती काळजी करते माझी." ती थांबली. "तो हात माझ्यासाठी नव्हता. मोठी झाल्यावर कळलं. तोही तुझाच होता, छोटे. त्याचासुद्धा मला हेवा वाटतो."

धाकटी चटईवर बसली आणि ढसाढसा रडली. थोरली रडली नाही. ती उभ्याउभ्या मोजपट्टीची गुंडाळी करत राहिली. आपण काय बोललो ते आता ऐकू आल्यासारखं तिनं दाराकडे एकदा पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

शेवटी काजवालीनंच डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, चिठ्ठ्या वाटा. शाळा उघडायला आली, सदरे पडलेत."

थोड्याच मतांनी धाकटी निवडून आली. मी निकाल वाचला तेव्हा थोरलीचा चेहरा कडवट झाला, आणि तो तिनं लपवला नाही. "त्या चारही जणींनी तिलाच दिली असणार," ती इस्त्रीवालीकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दिली, मग?" इस्त्रीवाली म्हणाली. "मागायला आला होतात का तुम्ही?"

त्यानंतर काही दिवसांनी धाकटी माझ्याकडे येऊन बसली. मग म्हणाली, "बाई, तो हात माझा होता म्हणते ती. पण लागला तिच्याच कपाळाला ना? रोज. मला तो थंड होता की गरम, तेसुद्धा आठवत नाही." एवढं बोलून ती उठून गेली. हेवा म्हणजे काय ते धाकटीला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं असावं, असं मला वाटलं.

याला वर्ष होत आलं. थोरली अजून त्याच घरात राहते आणि त्याच टेबलावर कापड कापते. नवं मशीन अजून धाकटीच्या मैत्रिणीकडेच आहे, त्यावरून गेल्या आठवड्यात दोघींची जुंपली होती. पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक आहे आणि थोरली उभी आहे. सध्या दोघी एकमेकींशी भाचीमार्फत बोलतात.