दादासोकाकांची दोन मिनिटं

उंब्रजच्या माणसानं मरणाला भ्यायचं कारण नाही, असं माझे सासरे गमतीनं म्हणायचे. मागं बोलायला दादासो साळुंखे आहे ना. दादासोकाका आमचे शेजारी. नोकरी एसटीत कंडक्टरची केली, पण नाव झालं ते सावडण्याच्या भाषणांमुळं. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून होते, नैवेद्य ठेवतात, आणि कावळा शिवेपर्यंत माणसं गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. ही आमच्याकडची रीत. पुढाऱ्यांना तर माईक दिसला की राहवत नाही, आणि ते मयतापेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगतात. काका मात्र माणूस उभा करायचे.

आमच्या भागातून मोठी माणसं पुष्कळ निघाली. कुणी संस्कृतचे पंडित, कुणी धरणं बांधणारे इंजिनियर, एक शाहीर, एक शिल्पकार. त्यांची कारकीर्द काका नदीकाठी अशी सांगायचे, की अनवाणी शाळेला जाणारं पोर डोळ्यांपुढं मोठं होत परदेशातल्या सत्कारापर्यंत पोचायचं आणि त्याच्या भावकीलाच पहिल्यांदा कळायचं की आपल्यात कोण होतं. एक निवृत्त प्राध्यापक तर जिवंतपणीच काकांकडं चकरा मारायचे. "माझ्या प्रबंधाचं राहू देऊ नकोस बरं का," म्हणायचे. काका हात जोडायचे, "आवं सर, अजून धडधाकट हाय की तुमी." सर म्हणायचे, "असू दे, पण तू ध्यानात ठेव."

मी त्यांची भाषणं ऐकून हसलेय, रडलेय, आणि एकदा मनापासून चिडलेही आहे. माझ्या सासूबाई, राहीबाई, गेल्या तेव्हाची गोष्ट. त्या सुईण होत्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्माला आली, पाऊसपाण्यात चिखल तुडवत त्या मळ्यामळ्यांतून फिरल्या. आणि काका बोलले काय? "कैलासवासी राहीबाई अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू होत्या. एकत्र कुटुंब त्यांनी मायेनं सांभाळलं." झालं, संपलं. पुरुष गेला की काकांच्या तोंडून त्याचं काम यायचं आणि बाई गेली की हीच तीन विशेषणं. सगळ्या बायकांना एकच माप. मी शेजारीण, सून. तोंड मिटून बसले. बोलली ती काकांची मुलगी, संयोगिता. घरी आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "आबा, सुईण होत्या त्या. ते का नाही सांगितलंत?"

"अगं, लोकांस्नी ठावं हाय की ते," काका म्हणाले.

"ठावं असलेलंच विसरतात माणसं," ती म्हणाली. काका हसले आणि विषय तिथंच राहिला.

संयोगिता माझी मैत्रीण. या घरात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या वयाचं बोलायला तीच होती. पुढं ती शेतीची शास्त्रज्ञ झाली आणि सोलापूरकडच्या एका संशोधन केंद्रात लागली. सासर तिचं जतकडं. आम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं, ज्वारी आमच्या फक्त ताटातली, पण तिनं जन्म घालवला तो त्या ज्वारीतच. दर रविवारी तिचा फोन यायचा, काका तो मोठ्या आवाजावर ठेवायचे, त्यामुळं तिचं संशोधन आमच्या अख्ख्या आळीला ऐकू यायचं. काका आणि मंगलकाकी खाटेवर शेजारी शेजारी बसून ते ऐकायचे, शाळेतली पोरं बसतात तसे.

गेल्या माघात ती गेली. शेतात उभ्या उभ्या डोकं धरून खाली बसली, मेंदूत रक्तस्राव झाला होता, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. एवढी धडधाकट बाई. अजूनही मला ते खरं वाटत नाही.

विधी सासरच्या गावी, कारण लग्न झालेली पोर सासरची. अंत्यविधीला जाऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी सावडायला पहाटेच पुन्हा जीपनं निघालो. मंगलकाकींचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यांना तर पोरीचं तोंडही शेवटचं बघता आलं नव्हतं. निघताना त्यांनी काकांचा हात धरला. "तिच्या ज्वारीचं सांगा तिथं. दुसरं काय न्हाई सांगितलं तरी चालंल."

"सांगतो," काका म्हणाले.

वाटेत ते खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होते. मध्येच माझ्याकडं वळायचे, "खडखड्याचं आधी घिऊ का शिक्षणाचं?" खडखड्या म्हणजे ज्वारीचा रोग, तिच्या संशोधनाचा विषय. मी म्हटलं, त्याचंच आधी घ्या. पुन्हा खिडकीकडं वळायचे आणि डोळे पुसायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची कारकीर्द सांगितलेल्या माणसाला आज स्वतःच्या पोरीची सांगायची होती, आणि जतच्या माणसांना ती एकदा कळली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही तेच हवं होतं.

ओढ्याकाठी मांडव घातला होता. गर्दी मोठी. व्याही माजी सरपंच, त्यामुळं बोलणाऱ्यांची रांग लागलेली. मुलीचा बाप तिथं पाहुणा. कुणी बोलायचं हे सासरच्यांनी ठरवायचं. एकेक जण उठला. एकानं व्याह्यांनी गावात आणलेल्या पाण्याच्या योजनेचं सांगितलं. दुसऱ्यानं त्या घराण्याची थोरवी गायली. उशिरा आलेल्या एका पुढाऱ्यानं येत्या निवडणुकीचा विषय सुद्धा हळूच काढला. संयोगिता सगळ्यांच्या बोलण्यात "साहेबांच्या मोठ्या सूनबाई" होती. तिचा नवरा दिग्विजय खाली मान घालून बसला होता, तो काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. मी बायकांत बसून दात खात होते. कुणी तरी म्हणा रे, की ही बाई शिकलेली होती.

तेवढ्यात कावळा शिवला. ऊन चढलं होतं, मागची माणसं कपडे झटकत उठू लागली. माईकवाल्याला तेव्हा आठवण झाली. "पाहुण्यांच्या वतीनं दादासो साळुंखे दोन मिनिटं बोलतील. फक्त दोन मिनिटं."

काका उठले. माईक हातात घेतला, नेहमीसारखा जरा लांब धरला. घसा खाकरला आणि त्यांचा तो भरदार आवाज ओढ्याकाठी घुमला.

"कैलासवासी सौभाग्यवती संयोगितावहिनी या अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ आणि कष्टाळू होत्या."

मला वाटलं, आता थांबतील, आता सावरतील. पण इतक्या वर्षांची जिभेला पडलेली सवय, एकदा चाक उताराला लागलं की लागलंच. "एकत्र कुटुंब त्यांनी मायेनं सांभाळलं. त्यांच्या जाण्यानं कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो." पुढं नुसतेच ओठ हलले. माईकवाल्यानं हळूच माईक काढून घेतला आणि सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगितलं.

निघताना माणसं येऊन काकांचे हात धरत होती. "पाव्हणं, लय मोजकं बोलला," एक म्हातारा म्हणाला. काही राहून गेलं असं तिथं एकालाही वाटलं नव्हतं. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. काकांनी तिकडं पाहिलं नाही. कऱ्हाड मागं पडल्यावर एकदाच बोलले. "मी तिला वहिनी म्हनलो, व्हय गं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "व्हय काका," मी म्हटलं. ते टॉवेल तोंडावर घेऊन लहान पोरासारखे रडले. मला त्यांची समजूत घालता आली नाही, कारण मीही रडत होते.

घरी मंगलकाकी उशीला टेकून वाट बघत होत्या. काकांनी पायावर पाणी घेतलं, आत आले, खाटेवर त्यांच्याजवळ बसले.

"सांगितलं का ज्वारीचं?" काकींनी विचारलं.

काकांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "सांगितलं की."

"काय सांगितलं?"

आणि काका बोलायला लागले. माईक नव्हता, आवाज भरदार नव्हता, पण माणूस उभा राहिला. संयोगिता दादासो साळुंखे, असं माहेरचं नाव घेऊन त्यांनी सुरुवात केली. कणीस भरायच्या वेळी जमिनीतली ओल हटली की खडखड्या रोग येतो, ज्वारीची ताटं आतनं पोकळ होऊन आडवी पडतात, दाण्याबरोबर वैरण जाते आणि जतमध्ये वैरण गेली की माणूस जनावरं बाजारात नेतो. हे माझ्या पोरीनं बघितलं, ते म्हणाले. वाणाला वाण जोडत ती वर्षानुवर्षं मातीत बसली. पडलेली ताटं चिरून बघायची, उभी राहिलेली निवडायची, पुढच्या हंगामाला पुन्हा पेरायची. पहिल्या वर्षी सगळं रान झोपलं तेव्हा फोनवर रडली. औंदा तिचं रान उभं हाय, त्याच रानात ती डोकं धरून खाली बसली. बोलता बोलता काका खाटेवरून उठून उभे राहिले होते.

मंगलकाकी डोळे मिटून ऐकत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं, पण चेहरा निवला होता. पोर गेल्यापासून त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"मानसं ऐकत हुती का?" त्यांनी विचारलं.

"गप ऐकत हुती."

"आन् व्याही? त्यांनी काय म्हटलं?"

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "म्हनले, एवढी मोठी व्हती, आमाला ठावं न्हवतं."

"आता ठावं झालं न्हवं," काकी म्हणाल्या. "लय बेस केलं तुमी."

काका मान हलवत परत खाटेवर बसले आणि मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.