रंग उतरलेली मुनिया

मंडळी, आज श्रीगोंद्याच्या बाजारात परदेशी पाखरांच्या पिंजऱ्यापाशी नात थबकली आणि मला बहात्तरच्या दुष्काळातली आमची मुनिया आठवली.

वडिलांनी ती 'विलायती पाखरू' म्हणून विकत आणलेली, हिरवीगार. प्यायच्या पाण्याचे हाल होते, तरी आईनं वाटीभर पाणी पिंजऱ्यात ठेवलं. पाखरानं त्यात अंघोळच केली. पाणी हिरवं झालं आणि साधी तपकिरी मुनिया समोर आली.

आम्ही पोरं हसलो. आई म्हणाली, "आपल्याच रानातली लेक हाय. जाऊ दे तिला माहेरी." आणि दार उघडलं.

हे ऐकून नात म्हणाली, "आजी, मग हीपण सोडून देऊ?"

पण ही इथली नाहीत. सुटली तर उपाशी मरतील, नाहीतर आपल्या पाखरांची घरटी बळकावतील. यांना कुठल्या माहेरी धाडू, सांगा?