चालू मशीन

टायपिंगची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझं मशीन अर्ध्या पानानंतर अडकायचं. कर्जतच्या बाजारात जुन्या सामानाचं दुकान होतं. कारखान्यांच्या ऑफिसांतून निघालेली टेबलं, पंखे, टाइपरायटर तिथे मिळत; माझं मशीनही तिथूनच घेतलेलं. दुकानदारानं माझ्यासमोर दोन ओळी मारून दाखवल्या होत्या. दोन ओळी ते झकास चालायचं.

पावतीवर खाली छापलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आई म्हणाली, आता शेजारच्या पोरीला घेऊन जा, ती बोलेल. शेजारची म्हणजे माझी वर्गमैत्रीण. रसायनीच्या कॉलनीत आमच्या दाराला लागून तिचं दार. इंग्रजी शाळा एक, बाक एक, पण बोलायचं काम कायम तिच्याकडे. ती कुणालाही ‘काका’ म्हणून सुरुवात करायची आणि काम करून घ्यायची. मला ते कधी जमलं नाही, आणि तिला जमतं हे मला कधी सोसलं नाही.

मशीन चादरीत बांधून आम्ही एसटीत बसलो. वाटेत मीच तिला पावती दाखवली. छापील ओळीच्या वर दुकानदारानं हातानं लिहिलं होतं, ‘चालू मशीन’. मी म्हटलं, त्यानं स्वतः जे लिहून दिलंय ते खरं असायलाच हवं, छापील ओळ ते पुसू शकत नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, ऐकलंच नाही.

दुकानात मी मशीन टेबलावर ठेवलं आणि तिच्या मागे सरकले. तिनं पावती पुढे केली आणि माझं वाक्य जसंच्या तसं म्हणाली.

दुकानदार हसला. “चालू म्हंजे साधा माल, ताई. नव्यासारखा हाय, असं मी कुठं लिवलंय?”

“चालू म्हणजे चालणारं, काका,” ती म्हणाली. “तसं तुमच्या दुकानात हे मशीन सोडून बाकी सगळंच चालू आहे.”

पंखा बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं मोठ्यांदा हसली. दुकानदारही ओशाळून हसला आणि त्यानं मागून दुसरं मशीन काढलं. ती म्हणाली, दोन ओळी नकोत, पूर्ण पान मारून बघू. मी पान मारलं. कुठेही अडकलं नाही.

संध्याकाळी कॉलनीभर ‘बाकी सगळंच चालू’ झालं. आईनं ते तीनदा सांगितलं, तिच्या आवाजाची नक्कल करत. तो विनोद तिचाच होता, ते मला मान्य होतं. पण पावती मी वाचली होती. शेवटी एका काकूंनी विचारलंच, की पावतीतला तो शब्द कुणाच्या लक्षात आला? मी मान खाली घालून वाट बघत राहिले.

“दोघींच्या,” ती म्हणाली आणि प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिनं सगळं स्वतःच्या नावावर घेतलं असतं, तर मला तिचा राग तरी धरता आला असता.