शेवटच्या घराचं पाणी

आमच्या कॉलनीइतकी मदतीला तत्पर माणसं अख्ख्या तालुक्यात सापडणार नाहीत, असं आमची कॉलनीच सांगते. मोबाइलवरच्या ग्रुपच्या नावात ‘परिवार’ आहे. कुणाकडे मयत झाली की आधी प्लॅस्टिकच्या खुर्च्या पोचतात आणि त्यांच्या मागोमाग खुर्च्या पोचवणाऱ्यांचा फोटो. मास्तर, तहसीलमधले बाबू, दोन-तीन बँकवाले, एक निवृत्त मुख्याध्यापक, अशी सगळी शिकलेली वस्ती. शिकलेल्या माणसाला लाज वाटू न देता लबाडी कशी करावी, हे मी इथेच पाहिलं.

कॉलनी उतारावर आहे. नळाची लाइन वरून येते आणि आमच्या घरापाशी संपते. पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा सुटतं, तेही तासभर. तेवढ्यात प्रत्येकजण नळाला टिल्लू मोटार लावतो. ही हातात मावेल एवढी मोटार खामगावच्या बाजारात कुठेही मिळते आणि लाइनमधलं पाणी ओढून थेट गच्चीवरच्या टाकीत टाकते. तिला बंदी आहे. वरच्या सगळ्या घरांनी ओढून घेतल्यावर आमच्या नळातून फक्त फुसफुस हवा येते.

आमच्याकडे बाबा अंथरुणाला खिळलेले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना कूस बदलायलाही माणूस लागतो. चादरी रोज धुवाव्या लागतात, अंग रोज पुसावं लागतं. आई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे पाठीला जखमा कशा होतात आणि एकदा झाल्या की काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला पाणी हवं होतं. बाकी कॉलनीकडून तिची काही अपेक्षा नव्हती.

तिनं आधी सरळ मार्ग धरला. कॉलनीच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, “मोटारी बंद ठेवसान तर सगळ्याइले पुरते.” मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे सर्वांना हात वर करायला लावले आणि कुणीही मोटार लावणार नाही अशी शपथ दिली. टाळ्या झाल्या, ग्रुपवर फोटो आला. पुढच्या पाण्याला मी मुद्दाम रस्त्यानं वर चालत गेले, तर घराघरातून घुर्रर्र आवाज. शपथ देणाऱ्या मुख्याध्यापकांची मोटार पोत्याखाली झाकलेली आणि आवाज दबावा म्हणून टीव्हीवर प्रवचन मोठ्यानं लावलेलं. प्रवचनाचा विषय त्याग होता. माझ्या मनात त्या माणसाबद्दल जी काही उरलीसुरली आदराची भावना होती, ती तिथे फाटकापाशीच गळून पडली.

आईनं पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे तक्रार केली. साहेब येऊन गेले. ते कोपऱ्यावर दिसताच सगळ्या मोटारी पलंगाखाली गेल्या. “सगळे नाही म्हणतात, सिस्टरबाई. पुरावा असल्याशिवाय मी काय करू?” असं म्हणून ते चहा पिऊन गेले. चहा मुख्याध्यापकांकडचा होता.

आणि मग सुरू झाली मदत.

पाणी येऊन गेलं की संध्याकाळी चार-पाच जण हंडे, कळशा घेऊन आमच्याकडे यायचे. आमच्याच वाट्याचं पाणी गच्चीवर चढवायचं, मग तिथून काढून आमच्याच दारात आणायचं आणि वर दाता म्हणून उभं राहायचं! एकजण हंडा ओतायचा, दुसरा फोटो काढायचा. आईला मध्ये उभं करायचे. “सिस्टरबाई, जरा इकडे पाहा. हसा ना थोडं.” लगेच ग्रुपवर: ‘परिवारातील गरजू कुटुंबाला पाण्याची मदत.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. समोरच्या खोलीतल्या भिंतीवर बुद्धाचा फोटो पाहून मुख्याध्यापक एकदा म्हणाले, “मदत करताना आम्ही जातपात पाहत नाही हो.” कुणी विचारलं नव्हतं. पाहत नसलेली गोष्ट त्यांना दारात पाऊल टाकताक्षणी बरोबर दिसली होती.

आई हसायची. आत चादरी भिजत पडलेल्या असायच्या, म्हणून हसायची. तिचं ते हसणं पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, “सर, मोटारच लावू नका. हंडे उचलायचा त्रास वाचेल.” मुख्याध्यापक दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “पोरी, हक्काची भाषा सुरू झाली की माणुसकी संपते.”

या लोकांना वाटणी का नको आणि मदत का हवी, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. सारखी वाटणी झाली तर कुणी कुणाचे आभार मानत नाही. फोटो काढण्यासारखं काही उरत नाही. आपल्याला वाकून नमस्कार करणारं एक तरी घर उताराच्या खाली असावं, ही त्यांची गरज होती, आणि ती त्यांनी आमच्याकडून भागवून घेतली. चोर परवडला, तो निदान आभाराची वाट पाहत थांबत नाही.

मग ऐन उन्हाळ्यात कॉलनीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवीन येईपर्यंत लाइट नाही. त्यातच एका सकाळी पाणी सुटलं.

आमचा नळ अंगणातल्या खड्ड्यात आहे. पाण्याला जोर नाही म्हणून बाबांनीच पूर्वी खोल खणून तो खाली बसवला होता. त्या खड्ड्यातून त्या सकाळी असा आवाज आला की आई हातातलं सोडून धावली. पाणी धो धो वाहत होतं. टाकी भरली, ड्रम भरले, बादल्या भरल्या. बाबांना खाटेवरून आवाज ऐकू जात होता. त्यांचं एका बाजूनं वाकडं झालेलं तोंड हसत होतं.

वरच्या घरांत मात्र थेंब नाही. कारण या हुशार मंडळींनी घरं नव्यानं करताना खालचे नळ काढून टाकले होते, खड्डे बुजवून वर चकचकीत फरश्या बसवल्या होत्या. लाइन मोटारीत आणि मोटारीतून सरळ गच्चीवर. मोटार बंद तर पाणी बंद. मोटारीशिवायही कधी पाणी घ्यावं लागेल, हे एकाही पदवीधराच्या डोक्यात आलं नव्हतं.

आले सगळे. बादल्या घेऊन आले. मी फाटकाला कडी घातली. आई म्हणाली, “काढ ते कडी. भरू दे त्याइले.”

“काऊन? आपल्याले कोणी भरू देल्लं?”

“तू काढ तं खरी.”

तिनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. मुख्याध्यापक पुढे घुसू पाहत होते, त्यांना मागे पाठवलं. मग तिनं मोबाइल काढला. “सर, जरा इकडे पाहा. हसा ना थोडं.” आणि हे महाभाग हसले! एकानं तर हातातली बादली खाली ठेवून केस सारखे केले. फोटो म्हटला की तो ग्रुपवरच जाणार आणि आपण त्यात चांगलेच दिसणार, एवढी त्यांना खात्री.

आईनं तो ग्रुपवर टाकला नाही. दुपारी ती फोटो घेऊन साहेबांकडे गेली. “तुम्ही पुरावा मांगतला व्हता ना? लाइट गेली तं पूर्ण कॉलनी माह्या दारात. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचा नळ लाइटीवर चालते का?” साहेब फोटो बघत बसले. त्यांना मुख्याध्यापकही ओळखू आले. नवी डीपी बसली, पण साहेबांनी वीज कंपनीला लिहिल्यामुळे आता पाणी सोडायच्या वेळेला आमच्या कॉलनीची लाइट तासभर बंद ठेवतात. लोकांनी फरश्या फोडून पुन्हा खड्डे खणले. पाणी सगळ्यांना येतं. पहिल्यासारखं गच्चीपर्यंत नाही, पण येतं.

ग्रुपवर आईचं नाव न घेता बरंच लिहून आलं. एका घरासाठी सगळ्यांना उकाड्यात बसवलं, कृतघ्नपणाला सीमा नाही, वगैरे. शेवटी मुख्याध्यापक स्वतः आले. आई बाबांच्या धुतलेल्या चादरी अंगणात वाळत घालत होती.

“सिस्टरबाई,” ते म्हणाले, “आम्ही तुम्हाले एवढी मदत केली. तुम्ही असं कराले नोको होतं.”

आईनं चादर झटकली, तिच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या.

“हो ना सर. पण आता मदतीची गरजच नाही पडत. पाणीच येते.”

ते फाटकापर्यंत गेले आणि परत वळले. आता आमच्याकडे कशासाठी यायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.